संगणकावरील किल्ल्या आणि त्यांची पारख

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यांतील माजरी हें गांव दोन गोष्टींकरितां ओळखलें जातें. एक तेथील दगडी कोळसा आणि दुसरें तेथील रेल्वे जंक्शन. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाला येथेंच वणीकडील फांटा फुटतो. खासगी मालकांच्या कोळशाच्या खाणी १९७३ सालच्या राष्ट्रीयीकरणानें सरकारकडे आल्या, आणि १९७५ सालीं वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी नागपुरास असून माजरी हें तिचें एक क्षेत्र आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळसा विजेच्या कारखान्यांत जळतो. याच जिल्ह्यांत २९२० मेगावॅट क्षमतेचें चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र आहे. शहरांतल्या घरीं बटन दाबतांच दिवा लागतो, त्याच्या मागें या काळ्या दगडाचा एवढा मोठा प्रवास असतो.

परंतु कोळसा जळण्यापूर्वीं तो नोंदला जातो. खाणींतून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. तिची पावती होते. पावतीवरून वाहतूकदाराचें बिल निघतें. बिलावरून पैसे दिले जातात. पूर्वीं हा सारा व्यवहार जाडजूड वह्यांत होत असे. वहीवर कारकुनाचें अक्षर असे, खाडाखोड झाली तर ती दिसत असे, आणि वही रात्रीं कपाटांत बंद होत असे. आतां वहीची जागा संगणकानें घेतली आहे. कोल इंडियानें २०२१ सालीं आपल्या कारभारांत सॅप नांवाची एकत्रित संगणकीय प्रणाली आणली, तेव्हां पहिल्या टप्प्यांतच वेस्टर्न कोलफील्ड्सचा समावेश होता. खरेदी, भांडार, हिशेब, पगार ही सर्व कामें अशा प्रणालींत एकाच छपराखालीं येतात. सोय मोठी आहे. पण त्याबरोबर एक जुना प्रश्न नव्या रूपांत उभा राहतो. सर्वच खोल्या एका वाड्यांत आल्या, तर कोणत्या खोलीची किल्ली कोणाकडे असावी?

हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाहीं. मराठेशाहींत रोकड पोतनिसाच्या ताब्यांत असे आणि तिचा हिशेब फडणीस ठेवीत असे. सरकारी खजिन्याच्या तिजोरीला दुहेरी कुलूप लावण्याची आणि दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या हातीं ठेवण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. कोळशाच्या खाणींत सुरुंग उडविण्याच्या यंत्राची काढती मूठ किंवा किल्ली त्या कामाचा परवाना असलेल्या माणसाच्याच ताब्यांत असावी लागते. तिन्ही ठिकाणीं तत्त्व एकच. ज्याला जें काम नेमून दिलें असेल, त्याला तेवढ्याच कामाची किल्ली द्यावी. आणि जेथें एकट्याच्या लोभानें किंवा गफलतीनें मोठा अनर्थ होऊं शकेल, तेथें एकाच कामाला दोन हात लागावे. संगणकशास्त्रांत हेंच तत्त्व साल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन पंडितांनीं १९७५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत 'किमान अधिकाराचें तत्त्व' म्हणून मांडलें.

संगणकाच्या प्रणालींत प्रत्येक माणसाला एक नांव आणि एक पासवर्ड मिळतो. त्यावरून 'हा कोण' एवढें संगणकाला कळतें. 'यानें काय करावें' हें मात्र निराळें लिहून ठेवावें लागतें. प्रत्येक माणसासाठीं शेंकडों परवानग्यांची यादी निराळी करीत बसणें अवघड, म्हणून त्या परवानग्यांची गांठोडीं बांधतात. अशा गांठोड्याला 'रोल' किंवा भूमिका म्हणतात. काट्यावरील कारकुनाची एक भूमिका, भांडारपालाची दुसरी, हिशेबनिसाची तिसरी. माणूस बदलला तर भूमिका एकाकडून काढून दुसऱ्यास द्यावयाची. नाटक कंपनींत नट बदलला तरी पात्राचीं वस्त्रें तींच राहतात, तसाच हा प्रकार आहे.

येथपर्यंत सारें सोपें आहे. अडचण येते ती बदल करतेवेळीं. माणसें बदलून जातात, रजेवर जातात, नवीन विभाग निघतो, जुना मोडतो. आणि प्रत्येक वेळीं कोणाची तरी किल्ली बदलावी लागते. असा बदल करतांना दोन प्रकारच्या चुका संभवतात, व त्या दोहोंचे स्वभाव अगदीं उलटे आहेत. पहिल्या प्रकारांत माणसाला हवी ती परवानगी मिळत नाहीं. काम अडतें, गाड्यांची रांग लागते, दूरध्वनी खणखणूं लागतात, आणि अर्ध्या तासांत चूक सर्वांना कळते. दुसऱ्या प्रकारांत माणसाला नको ती परवानगी मिळून जाते. त्यावेळीं कांहींच अडत नाहीं. गाड्या चालूं राहतात, पावत्या निघत राहतात, कोणाचीहि तक्रार येत नाहीं. कारण जास्त मिळाल्याची तक्रार कोण करणार? ही चूक महिनोन् महिने निजून राहते आणि एखाद्या दिवशीं कुंपणच शेत खातांना सांपडतें. म्हणून 'बदल केल्यावर काम सुरळीत चाललें आहे' एवढ्यावरून बदल बरोबर झाला असें मानणें ही मोठी फसगत होय.

एक उदाहरण घेऊं. तें निव्वळ समजुतीसाठीं रचलेलें असून कोणत्याहि खऱ्या कचेरीचें नव्हे. समजा, एका वजनकाट्यावर रिकाम्या ट्रकचें वजन १२ टन आणि भरलेल्याचें ३७ टन नोंदलें. म्हणजे कोळसा २५ टन. वजनें घेण्याचें काम कारकुनाचें. चुकून पडलेला आंकडा दुरुस्त करण्याचा अधिकार काट्याच्या पर्यवेक्षकाचा. दुरुस्त झालेली पावती मंजूर करण्याचा अधिकार तिसऱ्या अधिकाऱ्याचा. पर्यवेक्षक आठ दिवस रजेवर गेला, म्हणून दुरुस्तीचा अधिकार तात्पुरता मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यालाच देण्यांत आला. हेतु शुद्ध, कारण रास्त. परंतु आतां एकच माणूस आंकडा बदलूंहि शकतो आणि त्या बदलावर स्वतःच मोहोर उठवूंहि शकतो. दिवसाला ४० गाड्या असल्या आणि प्रत्येक गाडीमागें केवळ एका टनाचा फरक पडला, तर दिवसाला ४० टनांचा हिशेब बिघडला. पर्यवेक्षक रजेवरून परत आला तरी तो तात्पुरता अधिकार काढून घेण्याची आठवण कोणास राहिली नाहीं, तर आठ दिवसांचीं आठ वर्षें होण्यास वेळ लागत नाहीं.

या उदाहरणावरून ध्यानांत येईल कीं, दोन निर्दोष परवानग्या एकत्र आल्या म्हणजे त्यांतून सदोष परवानगी जन्मास येऊं शकते. म्हणून एकेक भूमिका सुटी तपासून भागत नाहीं. त्यांच्या जोड्या तपासाव्या लागतात. दहा प्रकारचीं कामें असलीं तर त्यांच्या जोड्या ४५ होतात, आणि वीस असलीं तर १९०. सर्वच जोड्या धोक्याच्या नसतात. पण नवा पुरवठादार नोंदणें आणि त्यालाच पैसे देणें, माल मागविणें आणि माल मिळाल्याची पोंच देणें, कामगाराचें नांव पटावर चढविणें आणि त्याचा पगार काढणें, अशा कांहीं जोड्या कोठेंहि आणि केव्हांहि एका हातीं जातां कामा नयेत. त्यांची यादी आधींच लिहून ठेवणें ही शहाणपणाची पहिली पायरी होय.

आतां बदलाची परीक्षा कशी करावी, तें पाहूं. चालू प्रणालींतच बदल करून 'बघूं या काय होतें' असें म्हणणें म्हणजे विषाची परीक्षा घेण्यासारखें आहे. त्यासाठीं मुख्य प्रणालीसारखीच, पण तिच्यापासून निराळी, अशी एक चांचणीची प्रत असावी लागते. सॅपसारख्या मोठ्या प्रणालींत बहुधा तीन घरें असतात. एकांत बदल घडवितात, दुसऱ्यांत तो पारखतात आणि तिसऱ्यांत खरा व्यवहार चालतो. पहिल्या घरांत केलेला बदल जसाच्या तसा बांधून दुसऱ्या आणि मग तिसऱ्या घरांत नेतात. तिसऱ्या घरांत तो पुन्हा हातानें करीत बसत नाहींत. कारण हातानें पुन्हा केलेला बदल हा पारखलेला बदल नव्हे, तो नवाच बदल होय.

चांचणीची प्रत तयार करतांना दोन पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें असें कीं, तिच्यांत खऱ्या कामगारांचे पगार, बँक खात्यांचे आंकडे, आजारपणाच्या नोंदी अशा खासगी गोष्टी जशाच्या तशा ठेवूं नयेत. चांचणीच्या प्रतीवर पहारा कमी असतो आणि तेथें बाहेरचीं माणसेंहि काम करतात. नांवें व आंकडे बदलून घ्यावे. व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं कायदाहि झाला आहे. दुसरें असें कीं, या प्रतीचे बाहेरच्या जगाशीं असलेले धागे तोडावे. नाहींतर परीक्षेसाठीं काढलेलें बिल खरोखरच बँकेकडे जावयाचें, किंवा खोटी पावती खऱ्या वाहतूकदाराच्या मोबाईलवर पोंचावयाची.

यानंतर प्रत्यक्ष पारख. प्रथम एक तक्ता आंखावा. डाव्या बाजूस भूमिका आणि वरच्या बाजूस कामें. पांच भूमिका व आठ कामें असलीं तर ४० घरें होतात. प्रत्येक घरांत 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच लिहावयाचें. हा तक्ता संगणकाच्या माणसानें एकट्यानें भरूं नये. ज्या विभागाचें काम आहे त्या विभागाच्या प्रमुखानें तो भरावा आणि त्यावर सही करावी. कोणास काय करूं द्यावें हा प्रश्न मुळांत कारभाराचा आहे, यंत्राचा नव्हे. लोहार किल्ली घडवितो. ती कोणास द्यावी हें घरधनी ठरवितो.

मग प्रत्येक भूमिकेसाठीं एकेक खोटा वापरकर्ता निर्माण करावा आणि त्याच्या नांवानें प्रणालींत शिरून चाळिसांतील प्रत्येक घर तपासावें. येथें नवशिके एक चूक हटकून करतात. ते स्वतःच्याच नांवानें तपासणी करतात. प्रणाली सांभाळणाऱ्याच्या हातीं बहुधा सर्वच किल्ल्या असतात. त्याला कोणतेंहि दार उघडेंच दिसणार. राजानें वेषांतर न करतां नगरांत फिरून 'सर्व दारें मला खुलीं आहेत' असें म्हणावें, तसाच हा प्रकार. ज्याचा अधिकार पारखावयाचा, त्याच्याच वेषांत शिरलें पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तक्त्यांतील 'होय' जितक्या आस्थेनें तपासतात तितक्याच आस्थेनें 'नाहीं' तपासावें. कारकुनास वजन नोंदतां येतें कीं नाहीं, हें पाहून थांबूं नये. त्याच नांवानें नोंदलेलें वजन बदलण्याचा, मंजुरी देण्याचा, पगाराची यादी उघडण्याचा मुद्दाम प्रयत्न करावा आणि प्रत्येक वेळीं प्रणाली नकार देते याची खात्री करून घ्यावी. नकार मिळणें हीच येथें उत्तीर्ण होण्याची खूण. शिवाय एकच खोली अनेक दारांनीं उघडते हेंहि विसरूं नये. पडद्यावरील बटन झांकलें म्हणजे परवानगी गेली असें नाहीं. तीच माहिती एखाद्या अहवालांतून, फाईल उतरवून घेण्याच्या सोयींतून किंवा मोबाईलवरून मिळत असेल, तर समोरच्या दाराला लावलेलें कुलूप व्यर्थ होय.

या शेवटच्या मुद्द्याची भयंकर साक्ष मुंबईनेंच दिली आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्ट भागांतील ब्रॅडी हाउस शाखेंतील गैरव्यवहार फेब्रुवारी २०१८ मध्यें उघडकीस आला. बँकेनें प्रथम जाहीर केलेली रक्कम सुमारें ११,४०० कोटी रुपये होती. परदेशांतील बँकांना हमी देणारे संदेश स्विफ्ट या जागतिक संदेशयंत्रणेंतून पाठविले जात. पण ती यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीशीं जोडलेली नव्हती. हमी बाहेर जात असे आणि तिची नोंद घरच्या वहींत होत नसे. मुख्य प्रणालींतील अधिकार कितीहि कसोशीनें पारखले असते, तरी शेजारच्या दारानें जें बाहेर गेलें तें दिसलें नसतें. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनें दोन्ही यंत्रणा परस्परांशीं जोडण्याचा आदेश सर्व बँकांना दिला.

परीक्षेंत नकार अनपेक्षित ठिकाणीं मिळाला तर काय करावें? पुष्कळ ठिकाणीं उतावळेपणानें आणखी एक मोठी परवानगी देऊन काम भागवितात. सॅपमध्यें तर सर्व अधिकार एकदम देणारें 'सॅप-ऑल' नांवाचें एक गांठोडेंच आहे. 'तूर्त हें द्या, मग पाहूं' असें म्हणून तें दिलें जातें आणि तें 'मग' कधींच उगवत नाहीं. वास्तविक कोणत्या परवानगीच्या अभावीं दार बंद झालें, हें प्रणाली स्वतःच सांगते. सॅपमध्यें नकार मिळाल्याबरोबर 'एसयू-५३' हा आदेश दिला कीं उणीव नेमकी कोणती तें पडद्यावर दिसतें. तेवढीच भरून काढावी. पायांत कांटा रुतला तर कांटा काढतात, पाय कापीत नाहींत.

आणखी एक बारीक गोष्ट. अधिकार बदलला तरी, आधींच प्रणालींत शिरून बसलेल्या माणसाजवळ बहुधा जुन्याच परवानग्या राहतात; तो बाहेर पडून पुन्हा आंत आला म्हणजे नव्या लागू होतात. हें न जाणतां तपासणी केली, तर काढलेली किल्ली अजून चालते असें वाटून माणूस भलतीकडेच दोष शोधीत बसतो. उलट, नोकरी सोडून जाणाऱ्याचा अधिकार काढला, पण त्याचें चालू सत्र बंद केलें नाहीं, तर दार लावून पाहुण्यास आंतच कोंडल्यासारखें होतें.

परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे बदल खऱ्या प्रणालींत न्यावयाचा. तेथेंहि घाई नको. महिनाअखेर, पगाराचा दिवस, वर्षाचा हिशेब मिटविण्याचा मार्च महिना या वेळा टाळाव्या. प्रथम दोघां-तिघांस नवीन भूमिका द्यावी, एक-दोन दिवस पाहावें, मग सर्वांस द्यावी. जुनी व्यवस्था जशी होती तशी लिहून जपून ठेवावी आणि बिघाड झाल्यास ती परत कशी आणावयाची याचीहि तालीम चांचणीच्या प्रतीवर करून ठेवावी. परतीची वाट माहीत नसतां रानांत शिरणाऱ्याला ताडोबाच्या शेजारचे लोक शहाणा म्हणणार नाहींत.

बदल करणारा एक आणि तो पारखणारा दुसरा, हा नियम तर कधींच मोडूं नये. त्याचें मोल रेल्वेच्या माणसास सांगावें लागत नाहीं. माजरीसारख्या जंक्शनवर सिग्नल आणि सांधे एकमेकांत अडकविलेले असतात. सांधा एका बाजूस असतां सिग्नल दुसऱ्या मार्गाचा पडूं नये अशी ती योजना. २ जून २०२३ रोजीं ओडिशांतील बाहानगा बाजार स्थानकांत ही योजनाच फसली. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे होता. तेथें उभ्या असलेल्या मालगाडीवर ती आदळली आणि २९० हून अधिक माणसें प्राणास मुकलीं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशींत सिग्नलच्या तारांच्या जोडणींत पूर्वीं केलेल्या फेरफारांतील आणि त्या दिवशीं फाटकाच्या यंत्रावर चाललेल्या कामांतील दोष पुढें आले. कचेरींतील परवानग्या आणि रुळांवरील सिग्नल यांचें क्षेत्र निराळें, पण धडा एकच आहे. चुकीचा बदल ताबडतोब ओरडत नाहीं. तो पुढच्या कामाची वाट पाहत निजून राहतो.

बदल झाल्यावरहि काम संपत नाहीं. तात्पुरत्या अधिकारावर शेवटची तारीख त्याच वेळीं घालावी, म्हणजे तो आठवणीवर अवलंबून न राहतां आपोआप सरेल. दर तीन-सहा महिन्यांनीं विभागप्रमुखांनीं आपल्या माणसांच्या किल्ल्यांची यादी मागवून ती वाचावी. आणि कोणी, केव्हां, काय बदललें याची न पुसतां येणारी नोंद प्रणालीनें ठेवावी. हिशेबाच्या बाबतींत ही आतां केवळ सोय राहिलेली नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून भारतांतील कंपन्यांना, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारें आणि ती नोंद बंद करतां न येणारें असेंच हिशेबाचें सॉफ्टवेअर वापरावें लागतें.

इतका खटाटोप कोणासाठीं, असें कोणी विचारील. मालकाचे पैसे वांचावे हें खरें. पण त्याहून मोठी गोष्ट काट्यावर बसणाऱ्या त्या साध्या कारकुनाची आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, अधिकारांची ही काटछांट म्हणजे नोकरांवर दाखविलेला अविश्वास. वस्तुस्थिति उलट आहे. ज्या प्रणालींत कोणीहि कोणताहि आंकडा बदलूं शकतो, तेथें कोळसा कमी भरला तर संशय सर्वांवर येतो आणि प्रामाणिक माणसाजवळ आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्यास कांहींच साधन राहत नाहीं. जेथें अधिकार मोजका आहे, पारखलेला आहे आणि नोंद पुसतां येत नाहीं, तेथें तो माणूस निर्भयपणें म्हणूं शकतो कीं, 'वजन मीं घेतलें. पण तें बदलण्याची किल्ली माझ्याजवळ नव्हतीच.' म्हणूनच साहेबांनीं घाईच्या वेळीं आपला पासवर्ड देऊं केला तरी कारकुनानें तो नम्रपणें नाकारावा, आणि आपला तर कोणासहि देऊं नये. किल्ली जितकी लहान, तितकी तिच्या धन्याची झोंप शांत.